धाव, हवा आणि एक पिवळा दिवा

ऑक्टोबर उजाडला की ऑनसाइट गेलेल्या मित्रांपैकी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. हिवाळी चाकं बसवून घेतली आणि तेव्हापासून डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागलाय. हवा मोजली, बरोबर आहे. तरी दिवा जात नाही. जर्मनीत थंडीचे टायर वेगळे असतात. तिथे 'ओ ते ओ' असा ठोकताळाच आहे, म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर (जर्मनमध्ये ईस्टरही 'ओ'नेच सुरू होतो). डिसेंबर २०१० पासून तर बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायची नाही असा स्पष्ट नियमच आहे. बरेच लोक नुसते टायर नाही, रिमसकट अख्खी चाकंच बदलतात आणि उन्हाळ्याची चाकं भाड्याने गोदामात ठेवतात. अशा गोदामाला तिथे चक्क 'टायर हॉटेल' म्हणतात. असो.

दिव्याचं कारण दोन वाक्यांचं आहे. नव्या चाकांतल्या सेन्सरचे नंबर गाडीला माहीत नाहीत. ते तिला शिकवले की दिवा जातो. पण मुळात चाकाला नंबर का लागतो, आणि चाकाने गाडीशी बोलायची वेळ का आली, हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात स्टुटगार्टपेक्षा जवळा बाजारहून केलेली बरी. गंमत नाही करत.

जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी परभणी; आणि १७ सप्टेंबर १९४८ च्या आधी हा सगळाच मुलूख निजामाचा. गावाच्या नावातच बाजार आहे, आणि बाजाराच्या गावाचा इतिहास म्हणजे शेवटी तिथे माल घेऊन येणाऱ्या चाकांचा इतिहास. त्यातून ही सगळी काळी जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात असा चिखल की पाय टाकला तर चप्पल तिथेच राहते. अशा मातीत बैलगाडी चालवणं म्हणजे काय, याची कल्पना डांबरी रस्त्यावर मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना येणं कठीणच.

त्या गाडीचं जुनं चाक लाकडाचं. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर लाकडी घेर, आणि घेरावर लोखंडी पट्टा. या पट्ट्याला मराठीत 'धाव' म्हणतात. (टायर या शब्दाला आपल्याकडे इतका सुंदर प्रतिशब्द होता आणि आपण तो विसरलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.) धाव चढवणं हे बघण्यासारखं काम. लोखंडी कडं घेरापेक्षा किंचित लहान करायचं, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायचं म्हणजे ते प्रसरण पावतं, मग सांडशीने उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. कडं आकसतं आणि सगळं लाकूड करकचून आवळतं. ना खिळा, ना स्क्रू. सुताराने केलेलं चाक लोहाराने तापमानाच्या जोरावर बांधलेलं.

आता यात एक गोम आहे. लोखंड थंडीत आकसतं, तसं लाकूड उन्हाळ्यात सुकून आकसतं. चैत्र-वैशाखात मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर गेला की लाकूड वाळतं आणि धाव सैल होते. यावर उपाय म्हणजे चाकं नदीत, ओढ्यात किंवा हौदात भिजत घालायची, लाकूड फुगतं आणि धाव पुन्हा आवळली जाते. म्हणजे ऋतू बदलला की चाकाची निगा बदलायची, ही पद्धत आपल्याकडेही होतीच. आपला मोसम फक्त उलटा.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. धाव सैल झाली हे गाडीवानाला कळायचं कसं? आवाजाने. आऱ्यांची खडखड, आखाची करकर, धावेचा खणखणाट. वंगण संपलं तर वेगळा आवाज, आरा हलायला लागला तर वेगळा. घरातली म्हातारी माणसं अंथरुणावर पडल्या पडल्या सांगायची म्हणे, की ही गाडी कुणाची आहे. बिघाडाची बातमी चाक स्वतःच देत होतं, आणि ती कानावर पडावी म्हणून वेगळं काही करावं लागत नव्हतं.

हा आवाज काढून घेतला रबराने.

रबरी हवेच्या टायरचा शोध दोनदा लागला. पहिल्यांदा १८४५ मध्ये, रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने पेटंट घेतलं. त्याने लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना ही चाकं लावून ओढायला किती जोर लागतो ते मोजलं, आणि जोर बराच कमी लागतो हेही सिद्ध केलं. रस्ता जितका खडबडीत तितका फायदा जास्त. पण रबर महाग, करायला किचकट, आणि मुख्य म्हणजे कुणाला घाई नव्हती. मोटार नाही, सायकलसुद्धा धड नाही. शोध तसाच पडून राहिला. (चांगली लायब्ररी वीस वर्षं लवकर लिहिली तर काय होतं, त्याचं हे उदाहरण. इथे तर चाळीस वर्षं.)

दुसऱ्यांदा १८८८ मध्ये बेलफास्टला, जॉन बॉइड डनलॉपने. हा धंद्याने जनावरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी सायकल धक्के खाते म्हणून त्याने तिच्या चाकांवर हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली. पेटंट मिळालं, आणि दोन वर्षांत रद्दही झालं, कारण कुणाला तरी थॉमसनचं जुनं पेटंट सापडलं. पण तोवर सायकलींची लाट आली होती आणि नाव डनलॉपचंच झालं. जनावरांच्या डॉक्टरने लावलेला हा शोध पुढे फिरत फिरत बैलाच्या गाडीला येऊन लागला, हे त्याला कळलं असतं तर बहुधा आवडलं असतं. किंवा नसतं. का नसतं, ते पुढे येईल.

भारतात मोटारी आल्या तेव्हा पहिलं भांडण झालं ते रस्ता आणि धाव यांच्यात. लोखंडी धाव म्हणजे अरुंद सुरीच. वजनदार गाडी एकाच रेषेत पुन्हा पुन्हा गेली की खडीचा रस्ता कापला जातो आणि दोन खोल चऱ्या पडतात. त्यांना चाकोरी म्हणतात. आपण 'चाकोरीबद्ध आयुष्य' वगैरे म्हणतो ती हीच चाकोरी, शब्दशः चाकाने पाडलेली. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली, आणि १९४३ मध्ये नागपुरात देशभरातले मुख्य अभियंते एकत्र बसून त्यांनी रस्त्यांचा पहिला देशव्यापी आराखडा केला. या काळातल्या प्रत्येक रस्तेवाल्या माणसाची डोकेदुखी तीच: मोटारीसाठी बांधलेला रस्ता बैलगाडीने फुटतो. एक उपाय साधा दिसत होता, बैलगाडीलाच हवेचं टायर लावा. डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालात साहागंजला सुरू झाला, आणि बैलगाडीसाठी खास टायर बाजारात आले. आपल्याकडे तिला टायरगाडी म्हणतात. काही भागांत कंपनीचं नावच गाडीचं नाव झालं.

हिंगोली-परभणीकडे टायरगाडी मोठ्या संख्येने दिसते ती उसामुळे. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, कालवे आले, आणि वसमत, औंढा भागातल्या काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना झाला. ऊस तोडल्यापासून जितका उशीर तितका उतारा कमी, म्हणून तो लवकर कारखान्यावर पोचला पाहिजे. ऊसतोडीच्या व्यवहारात त्यासाठी वेगवेगळी 'सेंटर' असतात: डोकी सेंटर म्हणजे तोडलेल्या मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरणारे, गाडी सेंटर म्हणजे बैलगाडीवाले, आणि टायर सेंटर म्हणजे कारखान्याने दिलेल्या टायरगाडीतून ऊस नेणारे. टायर हा शब्द एका अख्ख्या कामगार गटाचं नाव होतो, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

टायर सेंटरची मांडणी इंजिनिअरच्या नजरेने बघा. गाडी आणि टायर कारखान्याचे. बैल मजुराचे. टायरमध्ये हवा कमी असली की काय होतं? टायर बसकं होतं, रस्त्याला जास्त चिकटतं, फिरताना जास्त दबतं, आणि ओढायला जास्त जोर लागतो. तो जोर बैल लावतात. कमी हवेचं बिल बैलांच्या मानेवर फाटतं, आणि बैल कर्जाने, उचलीने घेतलेले असतात. लोखंडी धावेच्या गाडीने निदान कुरकुर तरी केली असती. टायर गुपचूप बसतं.

आणि टायरने जो फायदा झाला तो तरी बैलांना मिळाला का? कायद्यातच बघा. ओझ्याच्या जनावरांशी क्रूरपणा होऊ नये म्हणून १९६५ मध्ये केंद्राने नियम केले. त्यात मोठ्या बैलाला दोन चाकी गाडीत साध्या चाकांवर ९०० किलो, हवेच्या टायरवर १३५० किलो, आणि बॉल बेअरिंग असतील तर १८०० किलो अशी मर्यादा आहे, गाडीचं वजन धरून. हिशोब चुकीचा नाही; चाक हलकं फिरलं तर त्याच जोरात जास्त वजन जातं. पण याचा अर्थ असाही होतो की चाक सुधारलं आणि बैलाचे कष्ट होते तेवढेच राहिले, वाढली ती मोळ्यांची थप्पी. गळीत हंगामात रस्त्याने जाणाऱ्या उसाच्या गाड्या ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना ही मर्यादा कागदावर किती आणि रस्त्यावर किती हे सांगायला नको. जनावरांच्या डॉक्टरला हे आवडलं नसतं असं मी म्हणालो, ते यासाठी.

बैलगाडी सोडून मोटारीकडे वळलो तरी कानाची गोष्ट संपत नाही. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बस घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली; मराठवाड्यातली पुढची सरकारी एसटी त्याच मुळातून आलेली, १९६१ मध्ये ती महाराष्ट्राच्या महामंडळात मिळाली. बस-ट्रकच्या मागच्या बाजूला चाकं जोडीने असतात. जोडीतलं आतलं टायर बसलं तरी बाहेरचं गाडी उचलून धरतं, त्यामुळे डोळ्याला काही दिसत नाही. म्हणून ढाब्यावर गाडी थांबली की क्लीनर उतरतो आणि लोखंडी टॉमीने प्रत्येक टायरवर एक ठोका मारतो. भरलेलं टायर टणकन वाजतं आणि टॉमी उसळते. बसलेलं टायर 'धप्प' करतं. मुक्या झालेल्या चाकाला माणसाने ठोकून बोलतं केलं. जगभरातले ट्रकवाले हेच करतात. खाजगी गाडीवाला मात्र हे कधीच करत नाही. तो फार तर बुटाने एक लाथ मारतो, आणि ती मारून काय कळतं ते त्यालाही माहीत नसतं :-)

जाता जाता स्टेपनी. हा शब्द कुठून आला हे बहुतेकांना माहीत नसतं. वेल्समध्ये लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास सुटं चाक विकायला सुरुवात केली. त्याआधी गाडीला जादा चाकच नसायचं, पंक्चर झालं की रस्त्यात बसून टायर काढा, चिकटवा, भरा. इंग्लंडमध्ये तो शब्द मेला. आपल्याकडे तो इतका जिवंत आहे की त्याचा अर्थ पंक्चरच्याही पुढे गेलाय. वाईट बातमीची तयारी म्हणजे स्टेपनी. चाक कधी बसेल ते सांगता येत नाही, म्हणून दुसरं चाक बरोबर वागवायचं, असा तो तोडगा. शंभर वर्षं तो पुरला.

न पुरायला लागला तो वेग वाढल्यावर. टायरमध्ये हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीला त्याची बाजूची भिंत जास्त वाकते. वाकणं म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे उष्णता. ताशी पाच किलोमीटरने ही उष्णता बैलाच्या घामात जाते. ताशी शंभरने ती टायरच्या थरांत साठते, आणि थर सुटायला लागतात. हवा कमी असणं ही आता गैरसोय उरली नाही, अपघाताचं कारण झालं.

हे जगाला कळलं ते फोर्ड एक्सप्लोरर प्रकरणात. (ज्यांना हे माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद उडवले तरी चालतील, पण उडवू नका, कारण आपल्या व्यवसायात रोज घडणारी गोष्ट आहे.) नव्वदच्या दशकात अमेरिकेत एक्सप्लोरर ही उंच, कुटुंबाची लाडकी गाडी. टायर फायरस्टोनचे. फोर्ड आणि फायरस्टोन यांचं नातं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं. हळूहळू तक्रारी यायला लागल्या: भर वेगात टायरचा वरचा थर सोलून निघतो आणि गाडी उलटते. अशा घटना जास्त कुठे? ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया. सगळी उन्हाची राज्यं. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंचा अमेरिकेतला आकडा शेवटी २७० च्या वर गेला.

मग सुरू झालं ते आपण प्रत्येक प्रॉडक्शन बिघाडानंतर बघतो तसं. फायरस्टोन म्हणते गाडीचा दोष, फोर्ड म्हणते टायरचा. त्यात एक छोटा आकडा वर आला. फोर्डने या गाडीसाठी हवेचा दाब २६ पीएसआय सांगितला होता. फायरस्टोनचं म्हणणं पडलं, ३० हवा होता. चार पीएसआय. २६ सांगितलेल्या गाडीत मालकाने दोन-तीन महिने हवा बघितली नाही तर ती विसाच्या घरात येते, आणि मे महिन्यातल्या टेक्सासमध्ये ताशी १२० किलोमीटरने वीस पीएसआय म्हणजे काय ते वर आलंच आहे. कंपन्यांनी मालकाने नियमित हवा बघावी असं पुस्तकात छापलं होतं, आणि मालक ते करत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. 'युजरने मॅन्युअल वाचलं असेल' या गृहीतकावर बांधलेली यंत्रणा होती ती. मे २००१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी जवळपास शतकभराचे संबंध तोडले, तरी तो आकडा कुणाची चूक हे भांडण मिटलं नाही. माझ्या मते टायरही सदोष होतं आणि आकडाही कडेलोटावर ठेवलेला होता; पण दोन्हीकडे जर तर असताना चाकातून एक जरी इशारा येता तर बरेच लोक गाडी बाजूला घेऊ शकले असते.

१ नोव्हेंबर २००० ला क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्यात नेमकं तेच कलम होतं: टायरमध्ये हवा खूप कमी झाली तर चालकाला कळवणारी यंत्रणा प्रत्येक नव्या गाडीत हवी. तंत्र नवं नव्हतं, १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये ते होतं, पण ती श्रीमंतांची हौस. आता वाद सुरू झाला तो स्वस्त की खरं यावर. स्वस्त मार्ग असा: एबीएससाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातोच. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून किंचित जास्त फिरतं. चार चाकांची तुलना करा आणि जे जास्त पळतंय ते पकडा. कल्पना हुशार, वेगळा सेन्सर लागत नाही. पण चारही टायरमधली हवा सारखीच उतरली तर? तुलना करायला कुणी उरतच नाही, आणि घरोघरी हेच घडतं. २००२ मध्ये सरकारने निर्मात्यांना सोपा पर्यायही चालेल असा नियम काढला. पब्लिक सिटिझन ही नागरिक संघटना कोर्टात गेली, आणि २००३ मध्ये अपील कोर्टाने तो नियम फेटाळला. २००५ मध्ये नवा नियम आला: चारपैकी कुठल्याही, किंवा चारही टायरमधला दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्क्यांनी उतरला की वीस मिनिटांत दिवा लागला पाहिजे. १ सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या हलक्या गाड्यांना ते बंधनकारक झालं. युरोपात नव्या मॉडेलना नोव्हेंबर २०१२ आणि सगळ्या नव्या गाड्यांना नोव्हेंबर २०१४.

२००५ च्या त्या नियमात हिवाळी चाकांचं पूर्ण प्रकरण आधीच लिहून ठेवलंय, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. दिव्याला दोन भाषा आहेत. सरळ लागून राहिला तर हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर हवेचा प्रश्न नाही, यंत्रणेलाच चाकाची बातमी मिळत नाहीये. लोक चाकं बदलणार आणि नव्या चाकांत सेन्सर नसतील किंवा ओळखीचे नसतील, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं.

ओळखीचे म्हणजे काय? प्रत्यक्ष दाब मोजणाऱ्या प्रकारात व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला एक डबी असते, पेट्रोलपंपावरच्या च्युइंगगमच्या पाकिटाएवढी. आत दाबाचा सेन्सर, छोटी लिथियम बॅटरी, रेडिओ, आणि चाक फिरतंय का हे ओळखणारा भाग. गाडी उभी असली की डबी झोपलेली. वेग आला की जागी होते आणि अधूनमधून एक निरोप पाठवते: माझा नंबर अमुक, दाब तमुक, तापमान इतकं. भारत-युरोपात साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर, अमेरिकेत ३१५ वर. नंबर साधारण ३२ बिटचा. तो हवाच, कारण सिग्नलला तुमच्याशेजारी उभ्या असलेल्या गाडीचे सेन्सरही तेच ओरडत असतात. गाडीने आपली चार चाकं ओळखायची ती या नंबरवरून. तुम्ही चाकं बदलली की चार अनोळखी नंबर बोलायला लागतात, आणि गाडी ज्यांची वाट बघते ते चार टायर हॉटेलात झोपलेले असतात.

म्हणून काम तीन प्रकारांनी होतं. काही गाड्या नवी चाकं घेऊन दहा-वीस मिनिटं चालवली की आपोआप नंबर शिकतात. काहींना मेनूमधून 'शिक' असं सांगावं लागतं आणि हातातल्या छोट्या यंत्राने एकेक सेन्सर जागा करावा लागतो, तो १२५ किलोहर्ट्झच्या इशाऱ्याने उठतो. आणि काहींना ओबीडी पोर्टमधून नंबर लिहावे लागतात. चौथी पळवाट म्हणजे कोरे सेन्सर घेऊन त्यांत जुन्या सेन्सरचेच नंबर कॉपी करणं; मग गाडीला चाकं बदललेली कळतच नाहीत. एबीएसवाला स्वस्त प्रकार असेल तर हवा भरून फक्त रिसेटचं बटण दाबायचं. बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते आणि बदलता येत नाही, डबीच नवी घ्यावी लागते; तेव्हा जुन्या गाडीचा दिवा लुकलुकत असेल तर चाकं बदलल्याचा दोष नसेलही. या निरोपांना कुलूपही नसतं. २०१० मध्ये रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांच्या संशोधकांनी ते चाळीस मीटरवरून ऐकून दाखवले आणि चालत्या गाडीत खोटा दिवा पेटवून दाखवला. गावातली म्हातारी आवाजावरून गाडी ओळखायची, आता ती रेडिओवरून ओळखता येते. प्रगती!

थंडीत दुसरंही एक कारण असतं, ते शुद्ध अकरावी सायन्सचं. हिशोब वातावरणाच्या १४.७ सकट करायचा असतो. ३५ अंशांना ३३ पीएसआय भरली तर एकूण ४७.७, शून्य अंशांना ती ४२.३ होते, म्हणजे गेजवर २७.६. उणे पंधराला गेज २५ च्या आसपास, जवळपास २५ टक्क्यांची रेघ. टायरला छिद्र नाही, गेजही बरोबर, फक्त ऋतू बदलला. म्हणून हिवाळी चाकं गरम गॅरेजमध्ये भरून आणली असतील तर रात्रभर बाहेर ठेवून सकाळी पुन्हा मोजायची. उलटा हिशोब हिंगोलीचा: डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना भरलेली ३३ मे महिन्यात ४३ अंशांना साडेअडतीस होते, तीही गाडी धावायच्या आधी. दुपारी ती बघून घाबरून हवा सोडणारे बरेच. सोडू नये, दाब थंड टायरवरच मोजायचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे.

आपल्याकडचा नियम वेगळ्या वाटेने आला. ऑक्टोबर २०२० पासून असं झालं की कारमध्ये ट्यूबलेस टायर, हवेची यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी दिलीच पाहिजे असं नाही. अमेरिकेत जीव गेले म्हणून सेन्सर आला. इथे त्याचा प्रवेश डिकीतली जागा वाचवण्याच्या नावाने झाला. आणि लगेच समृद्धी महामार्ग उघडला, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी, जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर. सिमेंटचा सरळ रस्ता, १२० ची मर्यादा, विदर्भ-मराठवाड्याचं ऊन. गावातल्या रस्त्यावर पाच वर्षं निभावलेलं टायर इथे तासाभरात उघडं पडतं. १ जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ खाजगी बस पेटून २५ माणसं गेली. टायर फुटलं असं चालकाने सांगितलं. आरटीओच्या तपासात तसा पुरावा मिळाला नाही. टायर खरंच फुटलं की नाही हे नंतर रबराच्या तुकड्यांवरून आणि रस्त्यावरच्या खुणांवरून शोधत बसायचं. प्रत्येक मिनिटाचा दाब नोंदवणारी डबी चाकात असणं एवढ्यासाठीही हवं, असं मला वाटतं. त्याच वर्षी महामार्गाच्या प्रवेशांवर आरटीओने टायर तपासायला सुरुवात केली, आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या.

जालना ते नांदेड असा समृद्धीचा जोडरस्ता परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतून आखलेला आहे. समृद्धीसारखाच तो झाला तर त्यावर बैलगाडीला जागा नसेल. उसाची टायरगाडी जुन्या रस्त्यानेच कारखान्याकडे जाईल, आणि तिच्या टायरमध्ये हवा किती आहे हे गाडी जुंपायच्या आधी गाडीवान अंगठ्याने दाबून बघेल.